फिन्स की रेडिएटर? तुमचं कोडं मुळात ब्रेकचं आहे

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडिलांची १९८८ ची स्टँडर्ड ३५० बुलेट शाहूपुरीतल्या घराच्या बोळात सहा वर्षं उभी आहे. तुम्ही नोकरीला पुण्यात. महिन्यातून एकदा गाडीवर कोल्हापूरला यायचं आणि पावसाळ्यात गगनबावड्यावरून कोकणात उतरायचं, ही हौस. मित्रांचे दोन तट पडलेत. एक म्हणतो, एअरकूल्ड तेच खरं इंजिन, रेडिएटर लावला की बुलेटचा मिक्सर झाला. दुसरा म्हणतो, हवेवर थंड होणारं इंजिन म्हणजे म्युझियमचा माल, जुनी विकून सरळ हिमालयन ४५० घे. आणि तुम्ही विचारताय, यातलं बरोबर कोण?

मी उद्यमनगरात सत्तावीस वर्षं दुचाकीची इंजिनं उघडतोय. हा वाद माझ्या दुकानासमोरच्या चहाच्या गाड्यावर रोज होतो आणि रोज अर्धवट राहतो. माझं मत विचाराल तर तुमचे दोन्ही मित्र चुकीच्या जागी बोट ठेवून भांडताहेत.

आधी 'पारंपरिक' या शब्दाचा निकाल लावू. माझे वडील ऑइल इंजिनचे फिटर. नदीकाठच्या मळ्यात पाच हॉर्सपॉवरचं, पंधराशे आरपीएमचं एक सिलिंडरचं डिझेल इंजिन, त्याला जोडलेला पंप. पंपानं उपसलेल्या पाण्यातली एक बारीक धार पाइपनं इंजिनाच्या जॅकेटमधून फिरवायची आणि कोमट होऊन बाहेर पडली की उसाच्या पाटात सोडायची. ना रेडिएटर, ना फॅन. वडील त्या धारेखाली हात धरायचे आणि पाण्याच्या उबेवरून सांगायचे, आत सगळं ठीक आहे की नाही. म्हणजे पाण्यावर थंड होणारं इंजिन कोल्हापूरला बुलेटइतकंच जुनं ओळखीचं आहे. पाणी आलं की परंपरा बुडाली, असं काही नसतं.

दुसरी गंमत अशी की शेवटी दोन्ही इंजिनं हवेनंच थंड होतात. इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलची ढोबळमानानं एक तृतीयांश शक्ती चाकाला मिळते, एक तृतीयांश सायलेन्सरमधून जाते आणि उरलेली धातूत शिरते. ती बाहेर काढायचीच असते. एअरकूल्डमध्ये सिलिंडरवरच्या पापड्या, म्हणजे फिन्स, ती थेट वाऱ्याला देतात. लिक्विड कूल्डमध्ये पाणी ती सिलिंडरपासून रेडिएटरपर्यंत वाहून नेतं आणि तिथं वाऱ्याला देतं. पाणी नुसता हमाल, पण हमाल तगडा. एक लिटर पाणी एका अंशानं तापताना जेवढी उष्णता उचलतं, तेवढी उचलायला साधारण साडेतीन हजार लिटर हवा लागते. म्हणून जिथं उष्णता थोड्या जागेत खूप तयार होते, तिथं हमाल लावावाच लागतो. जिथं ती मुळात कमी, तिथं हमालाचा पगार का द्यायचा?

किती तयार होते ते आकड्यांवरून बघा. तुमच्या वडिलांची बुलेट ३४६ सीसीची, ७० मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास), ९० मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची चाल), ताकद १८ हॉर्सपॉवर. २०२० मध्ये मीटिअरमध्ये आलेलं आणि पुढच्या वर्षी क्लासिकमध्ये बसलेलं नवं ३५० चं इंजिन ३४९ सीसीचं, ७२ बाय ८५.८, ताकद २०.२. इतक्या वर्षांत वाढले किती, तर दोन घोडे. कंपनीनं त्यात थरथर मारणारा बॅलन्सर शाफ्ट घातला, फ्युएल इंजेक्शन दिलं, पुशरॉड काढून व्हॉल्व्ह उघडणारा कॅम वर हेडमध्ये नेला, तेलालाही उष्णता वाहायच्या कामाला लावलं, पण रेडिएटर नाही दिला. कारण गरजच नाही. आता २०२३ चं हिमालयन ४५०: ४५२ सीसी, ८४ बाय ८१.५, आठ हजार आरपीएमला ४० पीएस, म्हणजे जवळपास तेवढेच हॉर्सपॉवर. सीसी फक्त शंभरानं जास्त, ताकद दुप्पट. ही ताकद नुसत्या फिन्सवर रोजच्या वापरात निभावत नाही. म्हणजे क्रम असा: आधी कंपनी ठरवते किती ताकद काढायची, मग कूलिंग ठरतं. चहाच्या गाड्यावर हा क्रम उलटा लावतात.

आणि तो 'धक धक'? तो फिन्समधून येत नाही हो. लांब स्ट्रोक, जड फ्लायव्हील आणि कमी आरपीएम, यातून येतो. फिन्स उलट किणकिणतात. काही जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांना फिन्सच्या फटींत रबराचे तुकडे खोचलेले असायचे, ते त्यासाठीच. पाण्याचं जॅकेट आवाज गिळतं, हे खरं. पण बुलेटचा ठोका जपायचा म्हणून कोणी पाणी टाळलं असेल, असं मला वाटत नाही. लोकांना फिन्सचा देखावा एवढा प्यारा की २०१८ ला जावा परत आली तेव्हा इंजिन लिक्विड कूल्ड असूनही सिलिंडरवर फिन्स दिलेल्या होत्या. माझ्याकडं एक गिऱ्हाईक ती घेऊन आलं आणि म्हणालं, "मिस्त्री, एअरकूल्ड हाय, म्हणून घेतली." मी काही न बोलता रेडिएटरकडं बोट दाखवलं.

मग कंपन्या पाण्याकडं वळल्या कशापायी? ताकदीइतकंच धुरापायी. बिडाचं सिलिंडर आणि ॲल्युमिनियमचा पिस्टन तापल्यावर सारखे फुगत नाहीत, पिस्टन जास्त फुगतो. एअरकूल्ड इंजिनाचं तापमान सकाळी एक, घाटात दुसरं, जाममध्ये तिसरं. एवढ्या चढउताराला पुरेल अशी मोकळीक पिस्टनभोवती ठेवावी लागते आणि त्या मोकळिकीतून थोडं तेल जळतं, थोडं पेट्रोल न जळता निसटतं. १ एप्रिल २०२० पासून धुरावर बंधन घालणारं बीएस-६ मानक आलं, तिथं एवढा सैल कारभार चालत नाही. पाण्याची वाट गरजेप्रमाणं उघडणारा-मिटणारा थर्मोस्टॅट लावून तापमान एका पट्ट्यात धरलं की मोकळीक घट्ट ठेवता येते. हे ज्यांना एअरकूल्डमध्ये जमवायचं त्यांना ताकद आवरती घ्यावी लागते. ३५० मध्ये नेमकं तेच केलंय.

मोकळीक म्हणजे काय, हे मला पुस्तकानं नाही, खंबाटकीनं शिकवलं. एका उन्हाळ्यात माझ्याच सीआय, म्हणजे बिडाच्या सिलिंडरच्या जुन्या बुलेटचं इंजिनकाम केलं. रिबोअर केला, म्हणजे सिलिंडर आतून कातून मोठा केला, वीसचा (मापानं थोडा मोठा) पिस्टन घातला आणि इंजिन आवाज करू नये म्हणून क्लिअरन्स, म्हणजे हीच मोकळीक, जरा घट्ट ठेवला. तेव्हा स्वतःला लई शहाणा समजत होतो. धड रनिंग-इनही न करता, म्हणजे नवा पिस्टन हळू चालवून बसू न देता, बायकोला मागं बसवून पुण्याला लग्नाला गेलो. परत येताना एप्रिलची दुपार, मागं बॅग, खंबाटकीचा चढ, तिसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल पिळलेला. अर्ध्या घाटात गाडी मागून कोणी धरून ठेवल्यासारखी झाली. आवाज बसका झाला आणि एकदम मागचं चाक घसटलं. क्लच दाबला म्हणून वाचलो. कडेला लावली तर किक दगडासारखी. फिन्समधून टिक टिक आवाज आणि रंग करपल्याचा वास. पाऊण तासानं किक हलली, चाळीसच्या वर न जाता घर गाठलं. हेड-बोअर काढला तर पिस्टनच्या स्कर्टवर उभ्या रेघोट्या आणि सिलिंडरच्या भिंतीला ॲल्युमिनियम लोण्यासारखं फासलेलं. दोष गाडीचा नव्हता, कूलिंगचाही नव्हता, माझ्या हाताचा होता. पण लक्षात घ्या, त्याच चुकीला थर्मोस्टॅटवाल्या इंजिनानं थोडी जास्त माफी दिली असती.

रेडिएटरवाल्यांनीही फार हुरळून जाऊ नये. मागच्या गळीत हंगामात एक लिक्विड कूल्ड गाडी आली. तक्रार अशी की कावळा नाक्याच्या सिग्नलला तापमानाचा दिवा लागतो आणि फॅन बंदच होत नाही. मालक कारखान्याच्या रस्त्यावर रोज ये-जा करणारा, उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं मागं. रेडिएटरचं समोरचं कव्हर काढलं तर आत पाचटाचे बारीक तुकडे, धूळ आणि किडे यांची गादीच बसलेली. त्यात भर म्हणजे वॉशिंगवाल्यानं प्रेशरचा पाइप जवळून मारून रेडिएटरच्या निम्म्या पापड्या झोपवल्या होत्या, वारा शिरायला जागाच नाही. आणि कूलंट कमी झालं म्हणून घरच्या बोअरचं पाणी ओतलेलं, त्याचा पांढरा थर टोपणाच्या आत दिसत होता. बारीक चिमट्यानं पापड्या एकेक सरळ करण्यात सबंध दुपार गेली. गाडीत बिघाड शून्य. अशी गाडी घ्याल तर दर महिन्याला रेडिएटर मऊ ब्रशनं आणि साध्या पाण्यानं मागून पुढं धुवा, कूलंट कंपनी सांगेल तेच आणि तेवढ्याच मुदतीत, आणि गरम असताना टोपण उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं, तोंडावर येतं.

"एअरकूल्ड कुठंही दुरुस्त होते," हा तुमच्या पहिल्या मित्राचा हुकमी पत्ता. वडिलांच्या गाडीपुरता खरा आहे. ठिणगीचा पॉइंट घासायचा, गॅप घ्यायचा, टॅपेटसाठी (व्हॉल्व्हची फट बघायला) इंजिन थंड असताना पिस्टन वर आणून पुशरॉड दोन बोटांत धरायचा. नुसता फिरला पाहिजे, वर-खाली हलता कामा नये. झालं. स्पॅनर आणि बोटं, बास. पण नव्या ३५० ला हा पत्ता लावू नका. तिथं इंजेक्टर, सेन्सर, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) सगळं आहे. आंबा घाटात फ्युएल पंप गेला तर फिन्स असून उपयोग नाही, टेम्पोच बोलवायचा. दोन्ही नव्या गाड्यांत फरक पडतो तो नेहमीच्या सर्व्हिसिंगला. ३५० चं टॅपेट स्क्रूनं सेट होतं, चांगला पोरगा अर्ध्या-पाऊण तासात करतो. दोन कॅमच्या चार व्हॉल्व्हवाल्या इंजिनांत बहुधा कॅम उचलून शिम, म्हणजे ठरल्या जाडीची चकती, बदलावी लागते. ते रस्त्याकडेचं काम नाही, आणि नवशिक्याच्या हातचं तर नाहीच.

आतापर्यंतचं थोडक्यात: कूलिंग हा ताकदीचा परिणाम आहे, ठोक्याचा त्याच्याशी संबंध नाही, आणि नव्या गाडीत रस्त्यावरची दुरुस्ती दोन्हीकडं सारखीच अवघड. मग तुमच्या बाबतीत खरा फरक कशानं पडतो?

ब्रेकनं. आणि पायानं.

पुण्याहून महिन्याला येणार म्हणता. जाऊन-येऊन साडेचारशे-पावणेपाचशे किलोमीटर, त्यात साताऱ्यापासून कोल्हापूरपर्यंत सहापदरीकरणाची वळणं आणि खडी. वडिलांच्या गाडीला दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक. करूळ घाटात पावसात उतरताना ड्रममध्ये पाणी शिरलं की पहिल्या दाबाला काहीच होत नाही, दुसऱ्याला थोडं, तिसऱ्याला एकदम धरतो. समोर वळणावर एसटी असेल तर तिसऱ्या दाबाची वाट कोण बघणार? त्यात गिअर उजव्या पायात, पहिला वर आणि बाकीचे खाली, ब्रेक डाव्या पायात. तुम्ही पुण्यात रोज नवी गाडी चालवता, असं लिहिलंय. नेहमीच्या वेगात मेंदू सांभाळून घेतो. पण कुत्रं आडवं आलं की पाय सवयीच्या जागी जातो, म्हणजे तुमचा उजवा पाय गिअरवर आपटणार. हे मी तरण्याताठ्या पोरांचं बघितलंय, म्हाताऱ्यांचं नाही, कारण म्हाताऱ्यांना दुसरी गाडीच माहीत नाही. याउलट १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी सोय, सक्तीची आहे. तुमच्या दोन्ही मित्रांनी फिन्सवर एवढी चर्चा केली, ड्रमचं नाव एकानंही काढलं नाही.

म्हणून वडिलांची बुलेट पुणे-कोल्हापूरला नको. इंजिन तापेल म्हणून नव्हे. साठ-सत्तरनं चालवली तर ते इंजिन बेंगळुरूपर्यंतही जाईल. थांबायचा वांधा आहे.

मग नवी कोणती? इथं मात्र तुमच्यावर अवलंबून आहे. चौपदरी महामार्गावर केंद्राच्या नियमानं दुचाकीला वेगमर्यादाच ८० ची. त्या वेगाला नवी एअरकूल्ड ३५० मजेत चालते, थरथर नाही, ताण नाही. एकटे असाल आणि घाईत नसाल तर मी ३५० सांगेन, डबल चॅनल, म्हणजे दोन्ही चाकांना एबीएसवाली. मागं कायम कोणी बसणार असेल, दोन्ही बाजूंना बॅगा असतील, भुईबावड्याच्या चढावर ट्रकला ओलांडायला हाताशी ताकद हवी असेल, किंवा डोक्यात लडाख घोळत असेल, तर ४५० ला पर्याय नाही. वजन दोघींचं जवळजवळ सारखंच, क्लासिक १९५ किलो आणि हिमालयन १९६. पण ४५० ची सीट दोन सेंटिमीटर उंच आणि बांधाच तसा, तेव्हा पावसात चिखलात पाय टेकतात का ते बसून बघा. उंची तुम्ही लिहिली नाहीत. शहरात जाममध्ये मात्र दोन्ही तापतात, वेगवेगळ्या जागी: ३५० चा शेक गुडघ्याखाली लागतो, ४५० चा फॅन गरम झुळूक पायावर सोडतो. महाद्वार रोडवर संध्याकाळी सहाला दोन्ही नकोशा होतात.

आणि जुनी विकू नका. हे मेकॅनिक म्हणून सांगतोय, भावनेचं तुमचं तुम्ही बघा. सहा वर्षं उभी असलेल्या सीआय बुलेटला गिऱ्हाईक उभी असल्याचाच भाव देतं. चालू करून ठेवा. रविवारी पन्हाळा, जोतिबा, रंकाळ्याला एक फेरी, एवढ्यापुरते ड्रम पुरतात, उजवा गिअरही पुरतो आणि ती गाडी चांगली राहते. कागद तेवढे बघा: पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, तपासणी, हरित कर आणि नवी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट.

चालू करण्याआधी एक गोष्ट, आपल्याच उसाशी जोडलेली. २०२३ पासून पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलंय. तुमची गाडी उभी राहिली तेव्हा ते नव्हतं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, टाकीला आतून गंज धरतो, जुन्या नळ्या आणि कॉकचे रबर फुगतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यात पेट्रोलपेक्षा प्राणवायू जास्त आणि दम कमी. कार्ब्युरेटरचं जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, तेच राहिलं तर मिश्रण पातळ होतं, आणि पातळ मिश्रण एअरकूल्ड इंजिनाला तापवतं. नव्या गाडीत सेन्सर ते सांभाळतो, तुमच्या कार्ब्युरेटरला कोण सांगणार? मेन जेट एक नंबरानं वाढवा आणि शंभरेक किलोमीटर चालवून प्लग काढून बघा. बिस्किटासारखा तपकिरी असेल तर ठीक, पांढराफटक असेल तर अजून एक वाढवा. फिन्सना दोष देण्याआधी प्लग बघायचा, एवढी सवय लावून घ्या. आणि परत लांब उभी करायची असेल तर टाकी रिकामी करूनच.

तोपर्यंत भरात येऊन किक मारू नका. या इंजिनाचं तेल क्रँककेसच्या मागच्या वेगळ्या कप्प्यात असतं. सहा वर्षांत ते पंपातून झिरपून क्रँकच्या खणात साचलेलं असणार. तसंच चालू केलं तर अख्खी शाहूपुरी धुरानं भरेल आणि सील उडतील ते वेगळंच. खालचा ड्रेन बोल्ट काढून रात्रभर तेल गळू द्या, टाकीतलं पेट्रोल फेका, कार्ब्युरेटरची वाटी उघडून आतला वार्निशसारखा चिकटा साफ करा, नळ्या नव्या घाला. प्लग काढून बोअरमध्ये दोन चमचे तेल सोडा आणि प्लगशिवायच किक पंधरा-वीसदा हळू दाबा. मग नवं तेल, नवा प्लग. ॲमीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक खाली न्या, सिलिंडरमधला दाब सोडणारी डीकॉम्प्रेसरची लीव्हर ओढून अगदी थोडी पुढं सरकवा, लीव्हर सोडा, किक वर येऊ द्या, आणि मग अंगाचं वजन टाकून एकच. वडिलांना शेजारी उभं करा, काटा कुठं थांबवायचा ते त्यांना डोळे मिटून कळत असणार.